चपलेतले दोन चिंचोके

“ओ मॅडम, तुमी जरा थांबा. मागचे काका, तुमी या फुडं.”

पन्नास मिनिटं रांगेत उभं राहून अगदी पाळण्याच्या दारात पोचल्यावर असं कुणी म्हटलं, तर कुणालाही राग येईल. वृषालीलाही आला.

“नंबर आमचा आहे,” ती म्हणाली.

“नंबर तुमचाच हाय. पण वजन काकांचं लागतंय.” आकाशपाळण्याच्या दांड्यापाशी उभा असलेला तरुण तिच्याकडं न बघताच बोलत होता. “समोरच्या डब्यात चार पैलवान बसल्यात. त्यांच्यासमोर तुमी दोघी बसला तर चाक एकीकडं वढतंय. फुडला डबा तुमचा.”

“आमचं वजन तुम्हाला काय माहीत?”

आता त्यानं पाहिलं. आधी तिच्या शेजारी उभ्या जाईबाई मावशीकडं, मग तिच्याकडं. भुरभुर पाऊस होता. तिच्या कपाळावरच्या बटेला एक थेंब लोंबत होता, पडू की नको अशा बेतात... तो थेंब पडला आणि त्यानं मान खाली घातली.

“मावशी पासष्ट. तुमी... एक्कावन्न.”

मावशी खुदकन हसली. वृषाली हसली नाही.

“माझं वजन राहू द्या. तुमचा पाळणा बारा डब्यांचा. एका डब्यात चार, म्हणजे एका फेरीला अठ्ठेचाळीस माणसं. पाळणा फिरतो साडेतीन मिनिटं आणि माणसं उतरवण्या-चढवण्यात जातात नऊ मिनिटं. तासाला जेमतेम दोनशे तीस माणसं होतात. म्हणून आम्ही पन्नास मिनिटं भिजलो. ते मोजा!”

तरुणाचा हात दांड्यावरच राहिला. पण तिचं बोलणं दुसऱ्याच कुणीतरी नीट ऐकलं होतं. प्लास्टिकच्या खुर्चीवर गुडघ्यांवर टॉवेल टाकून बसलेले चाँदपाशा, म्हणजे बागेचे मालक, हळूच उठले.

“बेटी, हे सगळं तू उभ्या उभ्या मोजलं?”

“दुसरं काय करणार, चाचा? वेळच वेळ होता.”

येडशीहून रामलिंगकडं जाताना डाव्या हाताला गुलशन पार्क लागतो. नाव मोठं, बाग लहान. एक आकाशपाळणा, एक हेलकावे खाणारी नाव, पोरांची आगगाडी आणि एका जुन्या चिंचेखाली चहाची टपरी. एरवी दिवसाकाठी शंभर माणसंसुद्धा येत नाहीत. श्रावणी सोमवारी मात्र रामलिंगला आलेली सगळी गर्दी परतताना इथं थांबते आणि सगळ्यांना पाळण्यातच बसायचं असतं.

चाँदपाशांनी तीस वर्षं हा पाळणा जत्रा-जत्रांतून फिरवला होता. गुडघे थकले तसा त्यांनी तो इथं कायमचा रोवला. आता अडचण अशी होती, की सोमवारी रांग अंगणात मावत नसे. ती फाटकाबाहेर जाई, रस्त्यावर येई आणि दोन्हीकडच्या गाड्या अडकत. हवालदार अमरनाथांनी एकदा सांगितलं होतं. दुसऱ्यांदा त्याच दिवशी सकाळी सांगितलं. श्रावण संपेपर्यंत ही रांग आवरली नाही, तर सोमवारी बाग बंद.

“सोमवार गेला तर बाकी राहिलं काय?” चाँदपाशा म्हणाले. “पाळणा उतरवायचा आणि बिदरला मेहुण्याकडं लावून द्यायचा. पाळण्याच्या मागं हा संघपालबी जाईल. आठ साल झाले, पाळणा ह्याच्याच हातात आहे.” मग जरा थांबून म्हणाले, “बेटी, अजून दोन सोमवार आहेत. आमची रांग बघशील का?”

संघपाल बिदरला जाईल की इथं राहील, याच्याशी वृषालीचा त्या दिवशी काडीचाही संबंध नव्हता. ती मुरुम गावची. सांख्यिकी घेऊन बीएस्सी झालेली आणि अभ्यासाला शांतता हवी म्हणून येडशीत मावशीकडं राहिलेली. पुस्तकात तिनं रांगांची गणितं पुष्कळ सोडवली होती. खरी रांग कुणी पहिल्यांदाच हातात देत होतं. ती हो म्हणाली.

मावशीनं एकच अट घातली. “बुद्धविहारात वर्षावासाचं ग्रंथवाचन सात वाजता असतं. त्याच्या आत घरी.”

दुसऱ्या दिवशी दुपारी ती वही घेऊन आली. बागेत कुणी नव्हतं. संघपाल पाळण्याच्या बेअरिंगला वंगण घालत होता.

“मॅडम, चहा घेणार?”

“मला मॅडम म्हणू नका.”

“मग काय म्हणू? ताई?”

“ताई नको!” ती फार घाईनं बोलून गेली. मग वहीत बघत म्हणाली, “वृषाली म्हणा.”

त्यानं टपरीवरून चहा आणून दिला. पण त्यानंतर दोन दिवस तो तिला कुठल्याच नावानं हाक न मारता बोलत राहिला. “हे बघा की”, “ऐकलं का” एवढ्यावर त्यानं भागवलं.

तिचा पहिला प्रश्न साधा होता. आधी सगळे बारा डबे थांबवून थांबवून रिकामे करायचे आणि मग पुन्हा सगळे थांबवून थांबवून भरायचे, हे कशासाठी?

“चाचांची जत्रंतली रीत हाय. जत्रंत माणसं उतरत न्हाईत. ‘आमी अजून बसलोच न्हाय’ म्हंत्यात. म्हणून आधी सगळी जमिनीवर आणायची, मग नवी घ्यायची.”

“म्हणजे एका फेरीला चोवीस वेळा थांबता. एका दारानं चौघं उतरले की दुसऱ्या दारानं चौघं चढवले तर? बाराच वेळा थांबावं लागेल.”

त्यानं हातातली चिंधी खाली ठेवली आणि चाकाकडं पाहत राहिला. “आन् चाक कधी रिकामंच होत न्हाय,” तो हळूहळू म्हणाला. “जड उतरलं की जड चढवायचं. तोलबी ऱ्हातंय... आठ वर्षं झाली, हे माझ्या ध्यानात कसं आलं न्हाय?”

“तुम्ही रांगेत कधी उभे राहिला नाहीत म्हणून.”

“खरं हाय. पाळण्यातबी कधी बसलो न्हाय.”

“एकदाही नाही?”

“दांडा कुणाच्या हातात देऊ? चाचांचे गुडघे दुखत्यात.”

दोघांनी घड्याळ लावून, दर डब्याला चौघं उतरून चौघं चढायचा वेळ धरून, रिकामा पाळणा फिरवून पाहिला. नऊ मिनिटांची पाच झाली. तासाला दोनशे तीसच्या जागी तीनशे चाळीस माणसं बसणार होती. वृषाली खूश झाली आणि तिनं पुढचा आकडा मांडला. फिरणं साडेतीन मिनिटांवरून अडीचवर आणलं, तर आकडा थेट तीनशे ऐंशीच्या वर जात होता.

“ते जमायचं न्हाय,” संघपाल म्हणाला.

“का?”

“पहिली दोन मिनटं माणूस भितंय. डोळे मिटून दांडी धरून बसतंय. तिसऱ्या मिनटाला डोळे उघडतंय. मग रामलिंगाचं रान दिसतंय, रेल्वे दिसती, मग हसतंय. तुमी तेच मिनिट कापायला निघाला.”

“तुम्ही तर कधी बसला नाहीत. मग तुम्हाला कसं कळलं?”

“खालून तोंडं दिसत्यात की.”

वृषालीनं तीनशे ऐंशीवर काट मारली. पुस्तकातल्या कुठल्याही गणितात ते तिसरं मिनिट नव्हतं. घरी जाताना ती बराच वेळ त्याचाच विचार करत होती, आणि तो मिनिटाचाच विचार आहे असं तिला प्रामाणिकपणे वाटत होतं.

आठवडा असा गेला. तो तेरखेड्याचा होता. घरातली सगळी फटाक्यांच्या कामात. ह्याला मात्र आवाज सोसत नसे, म्हणून शांतपणे फिरणारं काहीतरी शोधत तो इथं आला होता. तिनं बोलता बोलता विचारलं, “बिदर आवडेल तुम्हाला?” तो म्हणाला, “पाळणा जिथं जाईल तिथं जायचं...” आणि मग बराच वेळ आधीच पुसलेला दांडा पुन्हा पुसत बसला.

तिनं रांगेच्या कडेला खुंट ठोकून पाट्या लावल्या. ‘इथून दहा मिनिटं.’ ‘इथून वीस मिनिटं.’ ‘इथून अर्धा तास.’ किती थांबायचं ते कळलं की माणूस ढकलाढकली करत नाही, असं तिचं म्हणणं होतं.

सोमवार उजाडला आणि सकाळपासून पाऊस लागून राहिला. दहा वाजता तिनं पाहिलं, तर रांगेत माणसंच नव्हती. ओल्या अंगणात चपला होत्या. एकामागं एक, ओळीनं लावलेल्या. रेशनच्या दुकानासमोर, टँकरपुढं लावतात तशा. रबरी स्लिपर, बायकांच्या चपला, एक जुना बूट. चपलांचे मालक शेडखाली, चिंचेखाली, टपरीत बसून चहा पीत होते. कुणी भिजत नव्हतं आणि कुणी भांडत नव्हतं.

वृषालीला ते फार आवडलं. मुरुमला त्यांच्या घरात नळ होता. तिनं कधी अशी रांग लावली नव्हती. तिनं जोड मोजले. ऐंशी जोड होते. ऐंशी माणसं म्हणजे दोन फेऱ्याही पुऱ्या होत नाहीत. ‘वीस मिनिटं’ची पाटी तिनं रांगेच्या शेवटी, फाटकाजवळ नेऊन ठोकली.

ती पाटी वाचून रस्त्यावरच्या गाड्या थांबल्या. वीस मिनिटांत पाळणा म्हटल्यावर कोण थांबणार नाही?

पहिल्या जोडाचा नंबर आला. संघपालनं हाक दिली आणि शेडमधून आजोबा, आजी, दोन सुना, एक लेक आणि सहा नातवंडं बाहेर आली. एका चपलेमागं अकरा माणसं! दुसऱ्या जोडामागं सात. तिसऱ्या जोडामागं मुरमुऱ्याच्या पिशवीसकट नऊ. ऐंशी जोडांमागं सहाशे माणसं होती. वीस मिनिटांचे दोन तास झाले. पाटीवर विश्वास ठेवून थांबलेले लोक चिडून पुढं सरकले, चपला तुडवल्या गेल्या, आणि दुपारी एकच्या सुमाराला रांग फाटकाबाहेर जाऊन रस्त्याच्या मधोमध उभी राहिली.

हवालदार अमरनाथ मोटारसायकल लावून आत आले. ओरडले नाहीत. “चाचा, पुढचा सोमवार शेवटचा,” एवढंच म्हणाले. “त्या दिवशी एक माणूस जरी रस्त्यावर दिसला, तर मग माझ्या हातात काही नाही.”

संध्याकाळी चाँदपाशांनी बिदरला फोन लावला. मेहुण्याला ट्रक बघून ठेवायला सांगितलं. सोमवारी संध्याकाळी पक्कं कळवतो म्हणाले.

वृषाली पाळण्याच्या पायरीवर बसली होती. समोर एक बेवारस स्लिपर चिखलात पालथी पडली होती.

“तुम्हाला ठाऊक होतं?” तिनं विचारलं. “एका चपलेमागं सगळं घर असतं, हे?”

“व्हय.”

“मग सकाळी बोलला का नाहीत?”

“तुमी शिकलेल्या. वाटलं, धरलं असंल हिशेबात.”

“नव्हतं धरलं! माझ्या हिशेबात एक जोड म्हणजे एक माणूस. मला काय माहीत, तुमच्याकडं...” ती थांबली. “तुम्ही नुसते बघत राहिलात. तुम्हाला बिदरला जायचंच असेल, तर जा!”

“मला जायचंय, असं कोण म्हणलं?”

आवाज मोठा झाला नाही, पण आठ दिवसांत तो पहिल्यांदाच तिच्याकडं सरळ बघून बोलला होता. ती उठली आणि छत्री न उघडताच निघून गेली.

दोन दिवस ती बागेत आली नाही. तिसऱ्या दिवशी मावशी आमटीसाठी चिंच फोडत होती. चिंचोके एका वाटीत पडत होते, टप... टप... वृषाली पुस्तक उघडून बसली होती. पान उलटत नव्हतं.

“मावशी, पाहुणे जेवायला येणार असले की किती जण आहेत ते कसं कळतं तुला?”

“इचारायचं की. ‘किती पानं मांडू’ म्हणून. त्यात कसली लाज?”

वृषाली उठली आणि वाटी उचलून घेतली.

“अगं, ते चिंचोके! कशाला नेतीस?”

“पानं मांडायला!”

शेवटचा सोमवार. फाटकातच वृषाली पिशवी घेऊन उभी होती. आलेल्या प्रत्येक घराला ती विचारी, “किती जण बसणार?” जितकी माणसं, तितके चिंचोके. चपला लावायच्या रांगेत आणि चिंचोके ठेवायचे चपलेत. नंबर आला की चिंचोके संघपालच्या बादलीत टाकून चढायचं.

“बाई, आमची म्हातारी नको म्हणतीय, पण वर पाळणा बघून हो म्हणंल,” एक शेतकरी म्हणाला.

“मग म्हातारीचापण एक घ्या.”

आता मोजायच्या त्या चपला नव्हत्या, चिंचोके होते. दर अर्ध्या तासाला ती वाकून ओळ मोजत जाई आणि पाट्या सरकवी. अंगणात तासाभराची माणसं झाली, की ती फाटकातच सांगे, “आत्ता तासभर लागेल. आधी नावेत बसा, जेवून घ्या, बाराला या.” माणसं ऐकत. खरं सांगितलं की बहुतेक ऐकतात. पाळणा एका दारानं रिकामा होत होता, दुसऱ्यानं भरत होता. संघपाल हाका देत होता. “हे काका इकडं... वहिनी, तुमी फुडल्यात... साडेतीन मिनटं हायती, डोळे उघडे ठेवा!”

दोघं एकमेकांशी कामापुरतंच बोलत होते. पण तिनं एक पाहिलं. तो अनवाणी होता. चिखलात वंगण सांडलेलं, खिळे पडलेले, आणि हा सकाळपासून अनवाणी. विचारायला तिला वेळ झाला नाही.

आणखी एक गोष्ट तिला दिवसभर छळत होती. तिचा हिशेब जुळत नव्हता. फाटकात दिलेले चिंचोके आणि बादलीत पडलेले, यांची वजाबाकी करून ओळीत जितके उरायला हवेत, त्यापेक्षा दोन जास्त भरत. बाराला दोन जास्त. दोनला दोन जास्त. चारलाही दोनच.

चार वाजता हवालदार अमरनाथ आले. रस्ता मोकळा होता. त्यांनी फाटकातून आत पाहिलं, चपलांची ओळ पाहिली, पाटी वाचली.

“इथून पंधरा मिनिटं... नक्की?”

“नक्की,” वृषाली म्हणाली.

त्यांनी बूट काढले, एक चिंचोका मागून घेतला आणि रांगेत ठेवला. चौदाव्या मिनिटाला ते पाळण्यात होते. उतरल्यावर चाँदपाशांना म्हणाले, “चाचा, ट्रक-बिक काही मागवू नका. अशी रांग असली तर सोमवार चालू द्या.”

साडेपाचला गर्दी पांगली. पाऊस थांबला होता. मावशी तिला न्यायला आली आणि चाँदपाशांच्या शेजारच्या खुर्चीवर टेकली. फाटकात दिलेले सगळे चिंचोके बादलीत आले होते. वृषालीनं दोनदा मोजले. एकही कमी नाही, एकही जास्त नाही.

आणि तरीही अंगणात एक जोड उरला होता.

मोठी सँडल. पट्ट्यावर वंगणाचा काळा डाग. तिनं वाकून पाहिलं. डाव्या सँडलमध्ये दोन चिंचोके होते.

दिवसभराचे दोन.

संघपाल दांड्यापाशी उभा होता. अनवाणी.

“हे माझ्या पिशवीतले नाहीत,” ती म्हणाली.

“न्हाय. झाडाखालचे हायती. तुमच्या पिशवीतले घेतले असते तर हिशेब चुकला असता.”

“चुकलाच! दिवसभर दोनानं चुकत होता. सकाळपासून लावलीय ही?”

“सात वाजल्यापासून. कुणी आलं की त्याला फुडं घ्यायचो. मला दांडा सोडता येत न्हवता...”

“दोन चिंचोके म्हणजे दोन माणसं.”

“व्हय.”

“एक तुम्ही. दुसरं कोण?”

त्यानं आधी चाकाकडं पाहिलं, मग बादलीकडं, मग आपल्या चिखलानं भरलेल्या पायांकडं. शेवटी तिच्याकडं.

“तुमी... वृषाली, तुमी म्हणाला तर. न्हाय म्हणाला तर एक चिंचोका उचलून टाकतो. पण मला बिदरला जायचं न्हवतं. तुमी त्या दिवशी बोलला, तवापास्नं हे सांगायचं होतं. पाळण्यासाठी न्हाय...”

पुढचं वाक्य त्याला जमलं नाही. वृषालीला ते कळलं होतं, पण तिनं मदत केली नाही. तिनं शांतपणे स्वतःची चप्पल काढली, त्याच्या सँडलशेजारी नीट जोडून ठेवली आणि मग सँडलमधला एक चिंचोका उचलून आपल्या चपलेत टाकला.

“माझं माणूस माझ्या चपलेत,” ती म्हणाली. “हिशेब नीट असावा.”

मावशीनं चाँदपाशांकडं पाहिलं. चाँदपाशा गुडघे धरून उठले आणि दांड्यापाशी गेले. “मियाँ, चढा आता. हा दांडा मी तीस साल ओढलाय.”

“चाचा, समोरच्या डब्यात वाळूची पोती टाकावी लागतील,” संघपाल चढता चढता म्हणाला. “तोलाला.”

“किती किलो?”

“मी अडुसष्ट,” संघपाल म्हणाला.

“आणि मी एक्कावन्न,” वृषाली म्हणाली. “एकशे एकोणीस.”

“एकशे वीस टाका, चाचा.” तो तिच्याकडं न बघता म्हणाला. “त्या दिवशी एक किलो कमी सांगितलं. बरं वाटावं म्हणून.”

खाली मावशी इतकी हसली की तिला पदर तोंडाला लावावा लागला.

पाळणा सुरू झाला. आठ वर्षं पाळणा चालवणारा माणूस पहिली दोन मिनिटं दांडी घट्ट धरून डोळे मिटून बसला होता. वृषाली त्याचं तोंड बघत होती. ते आता खालून बघायची गरज नव्हती. तिसऱ्या मिनिटाला तिनं त्याच्या हातावर हात ठेवला. त्यानं डोळे उघडले. रामलिंगचं रान पावसानं काळं-हिरवं झालं होतं, स्टेशनातून एक मालगाडी निघत होती...

“दिसलं?”

“व्हय,” तो म्हणाला. तो रानाकडं बघत नव्हता.

पाळणा थांबला. त्यांचा डबा खाली आला होता.

“झाली साडेतीन मिनटं!” चाँदपाशा ओरडले. “एका नंबराला एकच फेरी, कायदा सगळ्यांना सारखा. उतरा!”

वृषाली डब्यातून वाकली.

“चाचा, रांगेत कुणी आहे का बघा ना.”

चाँदपाशांनी मागं वळून पाहिलं. ओल्या अंगणात कुणी नव्हतं. फक्त दोन जोड, शेजारी शेजारी, आणि प्रत्येकात एकेक चिंचोका.

“आहेत दोघं जण,” ते म्हणाले.

“मग त्यांना घ्या,” वृषाली म्हणाली आणि पुन्हा मागं टेकून बसली.